तवा कुठाय?

आमच्या घरात संध्याकाळी जेवणासाठी कोणी घड्याळाकडे बघत नसे. गल्लीच्या तोंडाशी पप्पांच्या मोटरसायकलचा आवाज आला की आई गॅसवर तवा ठेवायची, आणि पप्पा मोरीत हातापायांवर पाणी घेईपर्यंत परातीत थापण्याचा पहिला आवाज सुरू व्हायचा. पप्पांचं उद्यमनगरात लेथ मशीनचं वर्कशॉप होतं आणि माझा थोरला भाऊ, दादा, त्यांच्याच हाताखाली काम शिकत होता. दोघांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास यायचा आणि दोघंही पाटावर बसायचे ते घरावर उपकार केल्यासारखे. भाकरी तव्यावरून उतरली, जाळावर फुगली, की थेट ताटात. मधे कुठं टेकायची नाही, झाकून ठेवायची नाही. "मोडली की वाफ निघाली पायजे," असं पप्पा म्हणायचे, आणि वाफ निघाली नाही तर ती भाकरी बाजूला सारून पुढचीची वाट बघत बसायचे. ओट्यापासून पाटापर्यंत भाकरी पोचवायचं काम माझं. माझ्या बोटांची टोकं त्या काळात कायम लाल असायची.

त्यांचं झालं की आक्का आणि मी बसायचो. आक्का म्हणजे पप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराची मुकादम झाली. तिलाही भाकरी गरमच लागायची. सगळ्यांचं उरकल्यावर आई उरल्यासुरल्या पिठाची एक जाडसर भाकरी करायची, तवा उतरवायची, ओटा पुसायची आणि मग त्याच ओट्याला पाठ टेकून एकटी जेवायची. आमटीचं पातेलं तोवर तळाला गेलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, आईला खरवडच आवडते. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. एकट्या पप्पांवर नाही, सगळ्यांवरच, आणि सगळ्यांत जास्त आईवर. कारण कोणी चुकून विचारलंच तर ती म्हणायची, "मला न्हाई बाई एवढ्या लवकर भूक लागत."

मी कॉलेजात गेले आणि त्याच सुमाराला आईला शुगर निघाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, की गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते आणि मग खैर नाही. आईनं यातलं निम्मंच मनावर घेतलं. आठ वाजले की ती गोळी न चुकता घ्यायची, कारण ते डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. जेवायची मात्र सगळ्यांच्या मागून, कारण ते तिच्या सासूनं सांगितलेलं होतं. एका संध्याकाळी तव्यापुढे उभी असताना तिच्या हातातली भाकरी निसटली आणि पाठोपाठ तीही खाली कोसळली. अंग घामानं ओलंचिंब, ओठ पांढरे, बोलणं बरळल्यासारखं. दादानं साखरेचं पाणी पाजलं. पप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन नुसते "शालन, शालन" म्हणत राहिले. आई भानावर आली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "तव्यावरची करपली का बघा जरा."

डॉक्टरीणबाई घरी आल्या आणि आम्हा सगळ्यांना झाडून गेल्या. पुन्हा असं झालं आणि वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही, तर बाई हातची जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पप्पा तर म्हणाले, "उद्यापास्नं शालन आठाला जेवणार. विषय संपला." विषय कुठला संपतोय! दुसऱ्या दिवशी आठाला आईनं गोळी घेतली आणि पदराला हात पुसत दाराकडे बघत उभी राहिली. मी जेव म्हटलं तर माझ्यावरच उखडली. "बापय माणसं दिवसभर राबून उपाशी येणार, आन् मी आदी गिळून बसू व्हय? जेवतो की मागनं." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'येतो', 'जेवतो'. तिच्या हातात मी बिस्किटं ठेवायचे, ती दादाच्या चहाबरोबर संपायची. भाकऱ्या आधीच करून ठेव म्हटलं तर पप्पा गार भाकरीला हात लावत नसत. आक्काची मनगटं आखडलेली, आणि मी थापलेली भाकरी परातीतून उचलताना मधोमध फाटायची. पप्पांना लवकर या म्हटलं तर ते फोनवर "निघालोच" म्हणायचे, आणि त्या 'निघालोच'च्या मागे लेथचा घरघराट मला स्वच्छ ऐकू यायचा. कोणी वाईट नव्हतं. म्हणूनच तर जास्त वैताग यायचा, भांडायचं कोणाशी हेच कळायचं नाही.

अशातच मी शबानाच्या घरी पास्ता खाल्ला. शबाना माझी कॉलेजातली मैत्रीण, सदर बाजारात राहायची. तिचा भाऊ पुण्यात हॉटेलात कामाला होता आणि सुट्टीवर आला की घरच्यांना नवीन काहीतरी करून घालायचा. त्यानं जमिनीवर दस्तरखान अंथरला, मधोमध भलंमोठं भांडं आणून ठेवलं, आणि सगळे एकदम भोवती बसले. शबानाची अम्मीसुद्धा. तिनं सगळ्यांबरोबर वाढून घेतलं, सगळ्यांबरोबर खाल्लं, आणि सगळ्यांचं होईपर्यंत ती एकदाही उठली नाही. पास्ता बरा होता, पण मी बघत होते ती अम्मीकडे. मी शबानाच्या भावाला विचारलं, हे करून ठेवलं तर चालतं का? तो म्हणाला, "बिलकुल नाही. शिजला की लगेच बसायचं, नाहीतर लगदा होतो." मला तेवढंच हवं होतं. एकदाच शिजतं, एकदाच वाढलं जातं, तव्यापुढे कोणाला उभं राहावं लागत नाही, आणि खाणाऱ्यांना वेळेवर बसावं लागतं. मी कृती तोंडपाठ करूनच घरी आले.

रविवारी मटण असतं, त्यामुळे रविवार सोडून दिला. सोमवारी आक्काचा उपास. मंगळवारी सकाळी मी जाहीर केलं, आज रात्रीचं जेवण मी करणार, पास्ता, आणि सगळ्यांनी आठाला घरी बसायचं. आक्कानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पास्ता म्हंजे त्या नळ्यानळ्या न्हवं का? ते नाष्ट्याचं झालं. जेवाय काय?" मी म्हटलं, तेच जेवण. "आन् त्येच्याबरोबर?" काही नाही, मी म्हटलं. आक्कानं अशी मान हलवली जशी कोणी घर विकायला काढलंय. पप्पा बूट घालता घालता म्हणाले, "कर की, मंजे. हौस हाय तर कर. पण भाकरी हाय न्हवं?" त्या क्षणी मला कळून चुकलं, की तवा डोळ्यांसमोर असेपर्यंत या घरात काही बदलणार नाही. दुपारी सगळे कामात असताना मी तो कपड्यांच्या मशीनमध्ये, धुवायच्या कपड्यांच्या तळाशी दडवला. इतकी हुशारी मी परीक्षेत कधी दाखवली नाही.

सामान आणायला सकाळी कामावर जायच्या आधीच दादाला पाठवलं होतं. ढबू मिरची, टोमॅटो, चीज आणि पास्ता, एवढंच सांगितलं होतं. त्यानं ढबू मिरची आणली, चीजऐवजी पनीर आणलं, आणि आणखी एक सॉसची एवढी मोठी बाटली आणली, "त्येच्यावर वाटी फुकट होती" म्हणून. मी पाणी उकळायला ठेवून टोमॅटो चिरेपर्यंत आक्कानं पास्ता ताटात ओतून तांदळासारखा निवडायला घेतला. "आक्का, यात खडे नसतात," मी म्हटलं. "तुला काय ठावं? धा तुटकी निघाली," असं म्हणून तिनं ती तुटकी वेगळी काढून ठेवली. मग तिला एवढ्या पाण्याचं दुःख झालं. मग ते पाणी ओतून टाकायचं कळल्यावर त्याहून जास्त दुःख झालं, आणि "कटाची आमटी करू की त्याची" म्हणून ती पातेल्यापाशी राखणीला उभी राहिली. आई दर पाच मिनिटांनी येऊन विचारायची, "मी काय करू?" मी म्हणायचे, "तू बस." ती बाहेर जायची, कुठलातरी कोपरा पुसायची आणि परत यायची, "मग काय करू?" बसायचं कसं असतं, हे त्या बाईला खरंच माहीत नव्हतं.

पप्पांना मी फोन केला. "निघालोच," ते म्हणाले. या वेळी मागे घरघराट नव्हता, मी तीनदा कान देऊन ऐकलं, म्हणून मी विश्वास ठेवला आणि पास्ता पाण्यात सोडला. घरघराट नव्हता याचं कारण एवढंच, की लाईट गेली होती. ती आली आणि त्यांनी हातातलं अर्धं काम पुरं करायला घेतलं. इकडे पास्ता शिजला, निथळला, टोमॅटोच्या रश्शात पडला. आठ वाजले. मी आईला म्हटलं, गोळीला थांब, ताट समोर आलं की घे. "आठाची म्हंजे आठाची," असं म्हणून तिनं गोळी पाण्याबरोबर गिळूनही टाकली. मग मी तिचं ताट वाढलं. तिनं ते झाकून ठेवलं. "येतील की आता. सगळीच बसू. तूच म्हनालीस न्हवं, सगळ्यानी संगट बसायचं?" माझंच बोलणं माझ्याच गळ्यात! मी विनवलं, रागावले, शपथ घातली. ती दाराकडे बघत राहिली.

पातेल्याचं झाकण मी परत काढलं तेव्हा आत पास्ता नव्हता, एक अखंड वडी होती. रस्सा सगळा पिऊन तो फुगून बसला होता. आक्कानं डाव घालून बघितला, तो उभाच राहिला. "खरवसागत झालंय," ती म्हणाली, आणि मी अडवेपर्यंत तिनं त्यात कांदा-लसूण चटणीचा एक मोठा चमचा आणि तांब्याभर पाणी घालून हलवलंही. तेवढ्यात मोटरसायकल वाजली. पप्पा आणि दादा आत आले, भुकेनं वखवखलेले. पातेल्यात डोकावून पप्पा म्हणाले, "झ्याक हाय. टाक गं शालन, दोन भाकऱ्या."

आणि आई उठली. तिनं पीठ घेतलं, परात घेतली, तव्याच्या जागी हात नेला, आणि हात रिकामा आला. "तवा कुठाय?" तिनं ओट्याखाली बघितलं. आक्कानं फळीवर बघितलं. "सकाळी हितंच ठेवलाय की." दादा फ्रिजमागे वाकला. पप्पा ओरडले, "तवा सापडंना म्हंजे? पाय फुटलं काय त्याला?" चार माणसं एका तव्यासाठी घर उलटं करत होती, आणि झाकलेल्या ताटाकडे कोणी बघत नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं, तवा मिळाला नाही की हार मानून सगळे बसतील. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, की आमची आई उपाशीपोटी, गोळी घेऊन, तवा शोधत फिरेल. ती स्टुलावर चढून माळ्यावर चाचपडत होती. मी वर बघितलं तर तिच्या कपाळावर घाम चमकत होता, आणि फळी धरलेला हात थरथरत होता.

मी किंचाळलेच. "उतर खाली! तवा मी दडवलाय. आन् आई जेवल्याबिगर मी द्यायची न्हाई."

पप्पा गरकन वळले. "डोस्कं फिरलंय काय तुझं? माणूस दिवसभर मरून येतंय, आन् तू घरात खेळ लावलायस?"

"तिनं आठाला गोळी घेतलीया. आता किती वाजल्यात बघा. तुमाला भाकरी गरम पायजे. आन् आई गार झाली तर चालल व्हय?"

पप्पांशी असं मी जन्मात बोलले नव्हते. दादानं खाली बघितलं. पप्पांचा हात वर आल्यासारखा झाला, पण तो माझ्याकडे आला नाही. त्यांनी स्टुलावर उभ्या आईकडे बघितलं, तिच्या कपाळाकडे, हाताकडे, आणि तिच्या दंडाला धरून तिला उतरवलं. आई अजूनही तेच पुटपुटत होती, "सापडंल की, हितंच असंल." तेव्हा आक्का खेकसली, "शालन, मेलीस तर मी काय ह्या हातानं भाकऱ्या बडवू? बस हितं." तिनं आईला खांदा दाबून पाटावर बसवलं, झाकलेलं ताट उघडलं, आणि त्यावर डावानं पातेल्यातला आणखी एक गोळा घातला. "आदी हिला," ती म्हणाली. आमच्या घरात आईच्या ताटात कोणी आधी वाढल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

आईनं घास हातात घेतला आणि पप्पांकडे बघितलं. "तुमी?"

"खा की. माझ्याकडं काय बघतीस?" पप्पा चिडूनच बोलले. मग मोरीत गेले, बराच वेळ हात धुतले, आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. "सकाळची भाकरी हाय काय?" आई पाटावरून अर्धी उठली. "बस!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. पप्पा फळ्यांकडे बघत राहिले. त्यांनी एक डबा उघडला, त्यात मेथी निघाली. दुसऱ्यात पापड. "दुरडी कुठं असती आपली?" त्यांनी विचारलं. ते घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, आणि त्यात भाकरीची दुरडी कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं. आईनं बसल्या जागेवरून सांगितलं, "खिडकीजवळ. फडक्यात."

मग आम्ही पाचही जण बसलो. पप्पांनी सकाळची गार भाकरी मोडली आणि पास्त्याला कालवणासारखी लावून खाल्ली. "मीठ कमी हाय," म्हणाले. दादानं फुकटच्या वाटीत सॉस ओतला. आईची नजर सगळ्यांच्या ताटांवर फिरत होती. पप्पांची भाकरी संपत आली की तिचे गुडघे हलायचे, आणि तिच्या शेजारी बसलेली आक्का त्या गुडघ्यावर हात ठेवायची. हळूहळू आईच्या ओठांवर रंग आला, कपाळ सुकलं. तिनं ताट पुसून घेतलं आणि मग मान हलवून म्हणाली, "काय हे खानं म्हनायचं? जिभंला नुसतं चिकटतंय." मी कपाळावर हात मारला. हसू की रडू हे मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

पुढचंही सांगून टाकते. त्या गडबडीत तवा बाहेर काढायचा राहूनच गेला; सकाळी आक्कानं कपड्यांचं मशीन लावलं, आणि जो आवाज झाला तो ऐकून शेजारची माणसं धावत आली. मशीनला कायमचा पोचा आला आणि तवा जराही वाकला नाही. डॉक्टरीणबाईंना मी मोठ्या ऐटीत सगळी हकिकत सांगितली, तर त्या म्हणाल्या, "शुगरच्या पेशंटला मैद्याचा पास्ता?" कौतुकाचा एक शब्द नाही. आमच्या घरात पास्ता पुन्हा कधी झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी आठाच्या आधी भाकऱ्या फडक्यात गुंडाळून दुरडीत होत्या, आणि पप्पा त्यांच्या वेळेला आले तेव्हा आईचं जेवण झालेलं होतं. हे कोणी ठरवलं, कोणी कोणाला सांगितलं, मला माहीत नाही. पप्पांनी दुरडीतली भाकरी मोडली, वाफ निघाली नाही, त्यांनी चेहरा वाकडा केला आणि खाल्ली. "ह्या घरात गरम खायाचं नशिबात न्हाई," हे गाऱ्हाणं ते शेवटपर्यंत करत राहिले. पण भाकरी त्यांनी परत कधी बाजूला सारली नाही.

पप्पा गेले, आक्का गेली. आई आता माझ्याकडे असते आणि मीही आता काही तरुण राहिलेली नाही. परवा मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. फोनवर "निघालेच" म्हणाले, आणि पप्पांसारखीच तासाभरानं निघाले. वाटेत सारखं मनात येत होतं, आई खोळंबली असेल, तिची गोळी, तिचं जेवण. धापा टाकत जिना चढले. आई टीव्हीपुढे पाय पसरून बसली होती, तिचं ताट घासून पालथं घातलेलं. खरं सांगते, क्षणभर मला रागच आला. दिवसभर राबून मी उपाशी आलेली, आणि ही आधी जेवून मोकळी!

"थांबली नाहीस?" मी विचारलं.

"आठाची म्हंजे आठाची," आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "दुरडी खिडकीजवळ हाय. तुझं तू वाढून घे."

मी फडकं उघडलं. भाकरी पार गार झाली होती. मी ती मोडली आणि तिच्या शेजारी बसून आनंदानं खाल्ली.